हरणांसाठी तीन एकर

हाल्डर्स कॉर्नर, विस्कॉन्सिन
१२ एप्रिल १९९३

मिस हेर्टा वेंडॉर्फ यांना नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी डेल्मर राड्के. तुमचे भाऊ अल्विन यांच्या शेतासमोर, रस्त्यापलीकडे आमचं घर आहे. गेल्या ऑगस्टात त्यांना शेवटचा निरोप देताना चर्चच्या दारात मी तुमच्याशी हात मिळवला होता. त्या दिवशी तुम्ही सगळ्या गावाशी हात मिळवलात, तेव्हा आठवणार नाहीच. उंच, मोठ्या कानांचा, निळा कोट आखूड झालेला, तो मी.

पत्राचं कारण असं. शेत आता तुमच्याकडे आलंय असं वकिलांकडून कळलं. पुढची वावरं भाड्याने दिली आहेत, पण मागचं, दलदलीला लागून असलेलं तीन एकराचं वावर ओलं असतं म्हणून कुणी घेत नाही. तुमची हरकत नसेल तर तिथे यंदा मी सोयाबीन पेरावं म्हणतो. हरणांसाठी. बी माझं, डिझेल माझं, मेहनत माझी. अल्विन असते तर हो म्हणाले असते, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलोय.

डेल्मर राड्के


मिल्वॉकी
१९ एप्रिल

श्री. राड्के,

मोठ्या कानांचा माणूस आठवतो. त्या दिवशी तुमच्या घरून बटाट्याचं सॅलड आलं होतं. मीठ कमी होतं. मी तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना रांधून घातलंय, त्यामुळे माझ्या लक्षात चेहरे राहत नाहीत, पदार्थ राहतात.

हरणांसाठी सोयाबीन! अठ्ठ्याहत्तर वर्षांत असा माणूस पाहिला नाही हो. मुक्या जनावरांसाठी स्वतःच्या पदरचं घालून तीन एकर पेरायचं म्हणजे काय! खालच्या मजल्यावरच्या मिसेस प्लोट्झला तुमचं पत्र वाचून दाखवलं, तर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती स्वतः चिमण्यांना पावाचे तुकडे टाकते आणि तेवढ्यावर स्वर्गात जागा धरून बसलीय.

खुशाल पेरा. भाडं नको. एकच अट, काय चाललंय ते मला लिहीत जा. अल्विन नेमाने लिहायचा. तो गेल्यापासून पोस्टमन मला विजेच्या बिलाखेरीज काही देत नाही.

हेर्टा वेंडॉर्फ


हाल्डर्स कॉर्नर
२५ एप्रिल

मार्लिस,

मोठी बहीण आहेस म्हणून सांगतो, आणि तू तिकडे डुलुथला आहेस म्हणून सांगायची हिंमत होतेय. समोर असतीस तर चहाची किटली फेकून मारली असतीस.

अल्विन वेंडॉर्फ गेल्यावर त्याच्या शेताभोवती पिवळ्या पाट्या लागल्या हे तुला माहीत आहे. ‘शिकारीस मनाई’. गावात बोलतात की शहरातल्या बहिणीला बंदुकीचं नावही खपत नाही. गेल्या नोव्हेंबरात मी झक मारत सरकारी जंगलात गेलो. तिथे हंगामाच्या पहिल्या शनिवारी हरणांपेक्षा माणसं जास्त. दिवसभर दुसऱ्यांचा खोकला ऐकून परत आलो. फ्रीझर हिवाळाभर रिकामा. त्यात फेब्रुवारीत गिरणीतली आमची पाळी बंद झाली. यंदाही हरीण मिळालं नाही तर मांस विकत आणावं लागेल, आणि आणायचं कशाने हे विचारू नकोस. आमची पोर रोझलिन पुढच्या वर्षी बारा वर्षांची होते, म्हणजे शिकारीच्या वयाची. बाबांनी मला जिथे पहिल्यांदा नेलं, अल्विनच्या शेतातल्या त्याच ओकच्या झाडाखाली तिला न्यायचं होतं.

म्हणून मी बाईंना पत्र घातलं. सोयाबीन पेरतो, हरणांसाठी. शब्द खरा आहे ना? हरणांसाठीच आहे. शिकारीचा उल्लेख तेवढा राहिला.

आणि त्या हो म्हणाल्या गं! पण त्यांना वाटतंय मी अन्नछत्र घालतोय. त्यांची शेजारीण रडली म्हणे. आता कोणत्या तोंडाने सांगू?

डेल


डुलुथ
१ मे

अरे गाढवा,

उल्लेख राहिला नाही, तू ठेवलास. लहानपणीही असंच. ‘कुत्र्याने केक खाल्ला’ म्हणायचास, पण कुत्र्याला टेबलावर कुणी चढवलं ते सांगायचा नाहीस.

म्हातारीला सरळ लिहून टाक. आज अवघड आहे, ऑक्टोबरात दसपट अवघड होईल. तुझ्या बायकोला, बर्निटाला, हे माहीत आहे का? नसणारच.

मार्लिस


हाल्डर्स कॉर्नर
२७ मे

मिस वेंडॉर्फ यांना,

नेमाने लिहायचं कबूल केलं होतं, पण लिहिण्यासारखं काही घडतच नाही. पाऊस, पाऊस आणि पाऊस. दोन दिवस उघडीप मिळते, वाटतं आता वाफसा येईल, की तिसऱ्या दिवशी परत आभाळ भरून येतं. सगळ्या गावाची पेरणी अडलीय. कॉफीच्या टेबलावर जो तो खिडकीबाहेर बघतो आणि दुसऱ्याला दोष दिल्यासारखा बोलतो.

मागच्या सोमवारी माझा धीर सुटला. वरून माती सुकलेली दिसली म्हणून ट्रॅक्टर घातला. निम्म्या वावरात जाऊन तो आसापर्यंत रुतला. उसना ट्रॅक्टर, तो काढायला दुसरा उसना ट्रॅक्टर, तोही रुतला. शेवटी दोन्ही बाहेर आले, पण वावरात अशा चाकोऱ्या पडल्यात की त्यांत बदकं पोहतात. बर्निटाने फोटो काढून फ्रीजवर लावलाय.

जूनच्या मध्यापर्यंत बी जमिनीत गेलं नाही तर इथल्या थंडीआधी शेंगा भरणार नाहीत. मग सगळंच मुसळ केरात. तुम्हाला वाईट बातमी द्यावी लागतेय, याचं वाईट वाटतं.

डेल्मर राड्के


मिल्वॉकी
१ जून

श्री. राड्के,

ओल्या वावरात ट्रॅक्टर घालणाऱ्याला आमचे वडील जेवायला वाढायचे नाहीत. तुम्ही वाचलात.

आता ऐका. ते वावर मुळात एवढं ओलं नव्हतं. वडिलांनी जमिनीखाली भाजक्या मातीचे नळ पुरले होते, पाणी निचरून जावं म्हणून. नळाचं तोंड दलदलीकडच्या चरात उघडतं, तिथे एक वाळुंज होता. अल्विनने गेल्या काही वर्षांत तिकडे लक्ष दिलं नसणार, त्याचे गुडघे गेले होते. पाणउंदरांनी तोंड बुजवलं असेल. फावडं घेऊन जा आणि बघा.

आणि वरून सुकलेल्या मातीवर विश्वास ठेवू नका. वीतभर खालची माती मुठीत घेऊन गोळा करा आणि अंगठ्याने ढकला. गोळा फुटला तर पेरा. अंगठ्याचा ठसा उमटला तर घरी जाऊन कॉफी प्या.

बिचाऱ्या हरणांना सांगा, जेवण येतंय.

हेर्टा वेंडॉर्फ


हाल्डर्स कॉर्नर
१८ जून

मिस वेंडॉर्फ यांना,

देव पावला! वाळुंज पडलाय, पण खोड आहे. त्याच्या बुडाशी खणत गेलो, तर गवत, काटक्या आणि चिखलाचा बूच निघाला. तो उपसताच नळातून असं पाणी उसळलं की माझी टोपी वाहून गेली. मी चरात कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून वेड्यासारखा हसत होतो. रस्त्यावरून दुधाची गाडी चालली होती, ड्रायव्हरने थांबून विचारलं, डोकं ठिकाणावर आहे ना?

त्यानंतर चार दिवस कोरडे गेले. रोज सकाळी जाऊन मूठ वळायचो. ठसा, ठसा, ठसा, आणि गेल्या शुक्रवारी गोळा फुटला! त्याच दिवशी पेरून टाकलं. काल पुन्हा पाऊस आला, पण आता येऊ दे. आज सकाळी बघतो तर ओळीच्या ओळी माती फोडून वर आल्यात, माना वाकवून. मिस वेंडॉर्फ, काय सांगू, मी मातीत बसून ओळी मोजल्या. या वर्षात माझ्या हातून झालेली ही पहिली धड गोष्ट आहे.

तुमचे उपकार फार झाले.

डेल्मर राड्के


हाल्डर्स कॉर्नर
२० जुलै

मिस वेंडॉर्फ यांना,

पीक गुडघ्याला लागायला हवं होतं, ते घोट्याला आहे. हरणं रोज संध्याकाळी दलदलीतून येतात आणि कोवळे शेंडे खुडून जातात. असंच चाललं तर ऑगस्टात नुसती बुडखं उरतील.

म्हणून तारेचं कुंपण घातलंय. तारेत बॅटरीची सौम्य वीज, आणि मधूनमधून चकचकीत पत्र्याच्या पट्ट्या लावून त्यांवर शेंगदाण्याचं लोणी फासलंय. हरीण वासाने येतं, चाटतं, नाकाला चटका बसतो, आणि मग महिनाभर त्या बाजूला फिरकत नाही. इजा काही होत नाही. इथे सगळे असंच करतात.

डेल्मर राड्के


मिल्वॉकी
२ ऑगस्ट

श्री. राड्के,

माझ्या म्हाताऱ्या डोक्याला जरा समजावून सांगा. पाहुण्यांना जेवायला बोलवायचं, दारात गोड काहीतरी लावून त्यांचं नाक भाजायचं, आणि ताट त्यांच्यापासून लपवून ठेवायचं. मग जेवण कधी? मिसेस प्लोट्झ विचारत होती. मी तिला म्हटलं, श्री. राड्के यांच्या मनात काहीतरी मोठं असणार.

सोबत सुवासिक साबणाच्या वड्यांचा खोका पाठवतेय. प्रत्येक नाताळाला कुणी ना कुणी देतं, मी वापरत नाही, त्याने अंगाला म्हाताऱ्या बाईचा वास येतो. कुंपणाला टांगा. वास आला की हरणं लांब राहतात असं आई म्हणायची.

आणि हो, मी ठरवलंय. हरणं जेवताना मला बघायची आहेत. शुक्रवारच्या बसने येऊन अल्विनच्या घरात उतरते, म्हणजे शनिवारी, २० नोव्हेंबरला, दिवसभर बघता येईल. तो दिवस तुम्हाला सोयीचा आहे ना?

हेर्टा वेंडॉर्फ


हाल्डर्स कॉर्नर
८ ऑगस्ट

मार्लिस,

मेलो. बाई २० नोव्हेंबरला येतायत. वर्षात तीनशे पासष्ट दिवस, आणि त्यांना शिकारीचा पहिला दिवस सापडला! सकाळी उजाडताच चहूकडून बार उडायला लागतील, आणि त्या खिडकीत बसून हरणांची जेवणाची पंगत बघणार. मी काय शिकाऱ्याचं नारिंगी जाकीट घालून त्यांना वाढायला उभा राहू?

मला त्या बाई आवडायला लागल्यात, हीच तर पंचाईत आहे. नळाचं तोंड त्यांनी सांगितलं नसतं तर एक दाणा उगवला नसता. त्यांनीच उगवून दिलेल्या पिकावर मी त्यांना फसवतोय. पीक डोळ्यांसमोर डोलतंय आणि मला ते बघवत नाही.

डेल


डुलुथ
१५ ऑगस्ट

डेल,

सांगून टाक. ओरडली तर ओरडू दे. हरीण मिळालं नाही तर माझ्या फ्रीझरमधले मासे पाठवीन, पण खोटं पोटात ठेवून तुला जेवण जात नाही हे मला माहीत आहे. बर्निटाने फोन केला होता. तिला सगळं कळलंय. बायकोला कधी कळत नाही असं तुला वाटतं?

मार्लिस


हाल्डर्स कॉर्नर
३ ऑक्टोबर

मिस वेंडॉर्फ यांना,

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितोय.

आधी पिकाचं. लवकर गारठा आला, तरी निम्म्याहून जास्त शेंगा भरल्या. पानं पिवळी पडून गळाली. कुंपण उद्या काढतो. बर्फ पडला की हरणं पायाने बर्फ उकरून शेंगा खातात.

आता खरं. मी हे पीक हरणांवर दया म्हणून पेरलेलं नाही. हरणं तिथे यावीत आणि मला त्यांतलं एक मारता यावं म्हणून पेरलं. वीस वर्षं मी तुमच्या भावाच्या परवानगीने तिथे शिकार करत होतो, माझ्याआधी माझे वडील. पाट्या लागल्या, आणि तुम्हाला शिकार आवडत नाही असं ऐकलं. सरळ विचारलं तर नाही म्हणाल, म्हणून अर्धंच लिहिलं. तुम्ही माझं कौतुक करत गेलात, आणि मी ते घेत गेलो. त्याची मला लाज वाटते.

माझं काम फेब्रुवारीपासून बंद आहे. घरात मांस लागतं. पण ती सबब म्हणून सांगत नाही, फक्त आता काहीच मागे ठेवायचं नाही म्हणून सांगतो.

तुम्ही नाही म्हणालात तर मी त्या वावरात पाऊल ठेवणार नाही. पीक हरणांना राहू दे. निदान पहिल्या पत्रातला शब्द खरा होईल. तुम्ही ठरल्याप्रमाणे जरूर या. मी बंदूक न घेता तुम्हाला न्यायला बसथांब्यावर येईन.

डेल्मर राड्के


मिल्वॉकी
२८ ऑक्टोबर

डेल्मर,

इतके दिवस उत्तर दिलं नाही, ते मुद्दाम. मला सहा महिने शिजवत ठेवलंस, म्हटलं तुलाही जरा मंद आचेवर राहू दे.

अरे मुला, मी त्याच शेतावर जन्मले. बाराव्या वर्षी दलदलीच्या कडेला पहिलं हरीण मारलं, अल्विनच्या दोन वर्षं आधी. तो मरेपर्यंत ते विसरला नाही. विस्कॉन्सिनच्या शेतावर वाढलेल्या बाईला नोव्हेंबरातला तो शनिवार माहीत नसेल, हे तुझ्या डोक्यात आलं तरी कसं? मी तारीख लिहिली तेव्हा तरी ट्यूब पेटायला हवी होती. मिसेस प्लोट्झच्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते हसून. ती उत्तरेकडच्या राइनलँडरची आहे, तिथे घरटी एक शिकारी. तुझं प्रत्येक पत्र आम्ही दोघी मिळून वाचायचो.

पाट्या वकिलाने लावल्या, शिकागोहून गाड्या भरून येणाऱ्या शिकाऱ्यांसाठी. तुझ्यासाठी नव्हत्या. तू येऊन सरळ विचारशील असं मला वाटत होतं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?

आता माझं ऐक. दर नाताळाआधी बसने मला एक पार्सल यायचं. त्यात हरणाच्या मांसाची दोन सॉसेजं, लसूण आणि अख्खी मोहरी घातलेली, सफरचंदाच्या लाकडावर धुरावलेली. सोबत अल्विनची चिठ्ठी, ‘राड्केच्या बायकोने दिलीत. माझ्या पोटाला लसूण सोसत नाही, तिला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. तू खा.’ वीस वर्षं खाल्ली. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी रांधलं, डेल्मर. वर्षातून तेवढं एकदा कुणीतरी माझ्यासाठी केलेलं असायचं, भले त्याला ते माहीत नसेना.

गेल्या डिसेंबरात पार्सल आलं नाही. मी बसथांब्यावर दोनदा जाऊन विचारून आले. येणार नाही हे माहीत असूनही. भाऊ गेल्याचं मला खऱ्या अर्थाने त्या दिवशी कळलं, आणि मी तिथल्या बाकावर बसून रडले.

आणि मग एप्रिलात पत्र आलं, खाली नाव राड्के. तुला काय वाटतं, मी नाही म्हणणार होते?

ठरल्या दिवशी येते. बंदूक घरी ठेवलीस तर तुझ्याशी बोलणार नाही. बर्निटाला सांग, सॅलडमध्ये मीठ कमी असतं, पण सॉसेजमध्ये बदल करायचा नाही.

हेर्टा


हाल्डर्स कॉर्नर
२३ नोव्हेंबर

मार्लिस,

छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात ते काय असतं, ते या चार दिवसांत कळलं.

हेर्टा शुक्रवारी आली. बसमधून उतरल्या उतरल्या माझे कान बघून म्हणाली, “हं, तूच.” संध्याकाळी तिला अल्विनच्या मागच्या खिडकीत खुर्ची टाकून दिली. बर्फ भुरभुरत होता. हरणं दलदलीतून आली आणि शेंगा खायला लागली. अंधार पडून काच काळी होईपर्यंत बसून राहिली. मग म्हणाली, “पोटभर जेवली. आता उद्या तू तुझं काम कर.”

शनिवारी ओकखालून एक मादी मिळाली, चांगली धष्टपुष्ट. हेर्टाने अल्विनचं जाकीट चढवलं, बाह्या दुमडल्या, आणि मला सुरी धरायला शिकवत बसली. मला! रविवारभर ती आणि बर्निटा आमच्या स्वयंपाकघरात मांस दळत होत्या आणि दोघी एकमेकींना हुकूम सोडत होत्या. पहिली दोन सॉसेजं तिच्या नावाची. बसने पाठवायची नाहीत, जाताना पिशवीतूनच नेणार म्हणते. पण डिसेंबरात आणखी दोन पाठवायचीच, कारण पार्सल ते पार्सल.

आज सकाळी मला म्हणाली, हातोडी घे. तिने शहरातून येतानाच पिवळ्या पाट्या रंगवून आणल्या होत्या. वरची ओळ जुनीच, ‘शिकारीस मनाई’. त्याखाली तिच्या अक्षरात, ‘परवानगीसाठी डेल्मर राड्के यांना विचारा.’

त्यांतली एक पाटी मी दोनदा वाचली, मार्लिस. आपल्या बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात टोपी काढून परवानगी मागितली.

रोझलिन खिळे देत होती आणि मी ठोकत होतो. शेवटच्या पाटीचा खिळा वाकला. मी म्हटलं, चालेल, धरलंय त्याने. हेर्टा म्हणाली, “चालेल काय? काढ तो, नवा मार. पुढच्या वर्षी या पोरीला इथे उभं राहायचंय.”

काढला. नवा मारला.

डेल